उलटा खांब

कट्टा गावच्या बाजारात एसटी थांबते तिथून चार पावलांवर जितेंद्र मेस्त्रीचं सुतारकामाचं दुकान आहे. वय चोपन्न, कामात हात सफाईचा, बोलण्यात कंजूष. असा माणूस ब्लॉग लिहील असं कोणी म्हटलं असतं तर बाजार हसला असता. पण त्याची मुलगी संचिता हट्टाला पेटली आणि दोन वर्षांपूर्वी तिने त्याच्या फोनवर ब्लॉग काढून दिला. तेव्हापासून तो महिन्याला एक मजकूर लिहितो. विळीचा पाट कसा बसवला, फुगलेलं दार कसं तासलं, असं काहीतरी. वाचक अकरा. त्यांत चार मुंबईचे नातेवाईक आणि एक संचिता स्वतः.

लिहायला लागल्यावर दुसरे कसे लिहितात ते शोधून वाचायची त्याला चटक लागली. परदेशी सुतारांचे ब्लॉग तो निव्वळ फोटोंवरून वाचायचा. त्यांची चकचकीत यंत्रं, गाडी उभी राहील एवढी टेबलं, कशाचाच त्याला हेवा वाटला नाही. इतक्या लांबच्या माणसावर कोण जळणार? जळायला माणूस आपल्यातला लागतो, आणि तो त्याला गेल्या मे महिन्यात सापडला. आपल्याच जिल्ह्यातल्या आरोंदा गावचा निघाला.

ब्लॉगचं नाव 'लाकूड बोलता'. लिहिणारे डॅनियल सर, निवृत्त शिक्षक. सुतारकीशी त्यांचा संबंध खिळा ठोकताना अंगठा सुजवून घेण्यापुरता. वाचक मात्र हजारांनी. जितेंद्राने उघडलेला पहिलाच लेख फणसाच्या लाकडावर होता आणि त्यात तिसऱ्या ओळीला लिहिलेलं होतं, 'लवू मेस्त्री म्हणायचे, फणसाक घाई खपणा नाय.' तिथे त्याचा अंगठा थांबला. लवू मेस्त्री म्हणजे त्याचा बाप. जाऊन सात वर्षं झाली होती.

पुढच्या लेखांतून सगळा उलगडा झाला. चाळीस वर्षांमागे आरोंद्याच्या चॅपेलमधल्या वेदीचं काम लवू मेस्त्रींकडे होतं. दोन वर्षं ते तिथेच राहिले. तेव्हा डॅनियल सर नुकते नोकरीला लागलेले. शाळा सुटली की मेस्त्रींच्या शेजारी येऊन बसायचे, विचारायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. मेस्त्री सांगायचे. लाकूड कधी तोडावं, कुठे वाळवावं, कुठल्या घराचं दार लावताना आपला हात कापला, सगळं.

आणि या माणसाने पोटच्या पोराला बावीस वर्षं हाताखाली घेतलं तेव्हा शिकवायला एकच शब्द वापरला होता. 'बघ.' जितेंद्र लहानपणी 'कित्या?', म्हणजे 'का?', असं विचारायचा. उत्तर 'बघ'. लग्न झाल्यावरही विचारून बघितलं. तेव्हाही तेच. शेवटी त्याने विचारणं सोडलं आणि बापाला बोलताच येत नाही असं समजून मन शांत केलं. आता कळत होतं की बापाला चांगलं बोलता येत होतं. फक्त बोलायला त्याने दुसराच माणूस निवडला होता.

जितेंद्राचं डोकं फिरलं. गिऱ्हाईक समोर ताटकळत असायचं आणि हा फोनमध्ये तोंड घालून आरोंद्याचे लेख वाचायचा. बायको शर्मिला एकदा भोळेपणाने म्हणाली की सरांनी मामंजींचं किती छान लिहिलंय. दोन दिवस त्याने तिच्याशी अबोला धरला. चटणीभाकरीशीही धरला असता, पण भूक लागली.

कहर झाला पाळण्याच्या लेखाने. मेस्त्रींनी सरांना सांगितलं होतं की आपल्याला मुलगा झाला तेव्हा त्याचा पाळणा आपण तीनदा तासला. पोराला लाकडाची कूस टोचू नये म्हणून प्रत्येक पट्टीवर आपला गाल घासून बघितला. लेख चार हजारांवर लोकांनी वाचला होता. त्यांच्या रांगेत शेवटी उभं राहून जितेंद्राने स्वतःच्या पाळण्याची गोष्ट वाचली. त्याला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून सरांचा आणखीच राग आला. बापाच्या बोलण्यावर पहिला हक्क मुलाचा. तो या मास्तराने परस्पर उचलला होता.

मग तो चुका शोधू लागला. पंधरा दिवस काही हाताला लागेना. शेवटी गणपतीच्या सुमारास सरांनी आपल्या पडवीला नवा खांब बसवून घेतला आणि हौसेने त्याचा फोटो टाकला. वर मजकूर होता की झाड जसं उभं असतं तसाच खांब उभा करावा, बुंधा खाली, शेंडा वर, असं लवू मेस्त्री सांगायचे. जितेंद्राने फोटो बोटांनी मोठा केला. फांदी वर जाते, तशी लाकडातली तिची गाठही वर झुकलेली दिसायला हवी. या खांबाच्या सगळ्या गाठी जमिनीकडे निघाल्या होत्या. त्या दिवशी त्याने दोन चहा जास्त प्यायले. मग सावकाश, शुद्ध मराठीत खाली लिहिलं, 'सर, आपला खांब डोक्यावर उभा आहे. जितेंद्र लवू मेस्त्री, कट्टा.'

लोक हसले. जितेंद्र दर अर्ध्या तासाने जाऊन किती जण हसले ते बघत होता. सर ती ओळ पुसून टाकतील अशी त्याची खात्री होती. सरांनी पुसली नाही. खाली फक्त फोन नंबर मागितला, आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"तू लवू मेस्त्रींचो झील मा?" आवाज थकलेला होता. "तेंनी माका सगळा सांगितल्यानी. पण रंध्याक कधी हात लावूक दिल्यानी नाय. 'ह्यो माझ्या झिलाचो' म्हणायचे. म्हणान बुंधो खंयचो आणि शेंडो खंयचो, ता माका हाताक कळणा नाय." मग त्यांनी विचारलं, एकदा येऊन तो रंधा बघितला तर चालेल का?

नाही म्हणायचं जितेंद्राच्या ओठांवर होतं. पण तो 'या' म्हणाला.

सर पुढच्या बुधवारी आले. जितेंद्राने त्यांच्यापुढे फणसाची एक फळी ठेवली आणि बाजारात मिळणारा नवा लोखंडी रंधा दिला. बापाचा शिसवी रंधा त्याने मुद्दाम वरच्या फळीवर ठेवला होता, दिसेल असा. सरांनी मागितला नाही. नवा रंधा हातात धरून ते नुसते वर बघत राहिले. ती नजर जितेंद्राला ओळखीची वाटली. मे महिन्यापासून फोनकडे तो अशाच नजरेने बघत होता. थोडा वेळ त्याने त्या नजरेची मजा घेतली. मग लाज वाटून त्याने जुना रंधा काढून सरांच्या हातात दिला.

मुठीला बापाच्या अंगठ्याने खळगा पडलेला होता. सरांनी त्यात आपला अंगठा ठेवला, रंधा पुढे लोटला आणि तो अडखळला. लाकडाचे कपचे उडाले.

"असा कित्या झाला?" सरांनी विचारलं.

जितेंद्राकडे उत्तर होतं. आपल्यालाही बोलता येतं हे मास्तराला दाखवायचं म्हणून आठवडाभर त्याने ते पाठ केलं होतं. त्याने तोंड उघडलं आणि "बघ" म्हणाला. 'बघा' म्हणायला हवं होतं, माणूस वडीलधारा होता. पण शब्द जसा मिळाला होता तसाच बाहेर आला. त्याने फळी फिरवून दुसरं टोक पुढे आणलं, सरांच्या हातांवर आपले हात ठेवले आणि रंधा लोटला. पिवळं, लांबलचक सालपट गुंडाळत वर आलं. सरांनी फळीवरून बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. एका बाजूने बोट सरकलं, दुसऱ्या बाजूने अडलं.

"कळला," ते म्हणाले. मग मुठीच्या खळग्यात त्यांनी पुन्हा अंगठा ठेवून बघितला. "दोन वर्सां मी तेंच्या बाजूक बसलंय. 'बघ' असा माका एकदाय म्हणूक नाय."

एवढं बोलून त्यांनी खिशातून वही काढली आणि हे लिहिलं तर चालेल का म्हणून विचारलं.

जितेंद्राने आधी रंधा आपल्याकडे घेतला.

"नाय सर," तो म्हणाला. "ह्या मी लिवतलंय."