घरचंच कोहळं

नोव्हेंबरचा दुसरा रविवार. खिशात दोन पाकिटं: ‘देवाचं’ लिहिलेल्यात तीनशे, ‘हॉस्टेल’ लिहिलेल्यात सहा हजार. सोबत बायको आणि नर्सिंगला लागलेली मुलगी. सोमवारी जालन्याला सहा हजार भरले नाहीत तर तिची खोली दुसरीला जाणार होती. पगाराचा दहावा भाग, दशांश, चर्चला एक तारखेलाच दिला होता. हे तीनशे फक्त कापणीच्या सणाचे.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत त्या दिवशी प्रत्येक घर शेता-अंगणातलं पहिलं पीक वेदीपुढे ठेवतं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. बायकोने कोहळं आणलं होतं. उन्हाळाभर भांड्यांचं पाणी त्या वेलाला घातलं होतं तिनं. पुरुष डावीकडे, बाया उजवीकडे, मध्ये खांब. गीतं चालू होती तरी माझं बोट पाकिटावरच होतं.

कोहळं निघालं तेव्हा बोली पन्नासवर अडली. एवढ्यावर गेलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं. मी बोटाने शंभरची खूण केली. आमच्यात कोणी स्वतः ओरडत नाही, खुणेचा आकडा लिलाव करणारे मंडळीचे वडीलच सांगतात.

“बायांकडून दीडशे.”

मी दोनशे केले. तिकडून अडीचशे. तीनशेला थांबायचं ठरवलं होतं, पण थांबलो नाही. घरी ठेवलेल्या पेट्रोलच्या पाकिटात किती उरलंय ते आठवत आठवत हजारापर्यंत गेलो. तिकडून एक हजार पन्नास आले तेव्हा मी हात खाली घेतला आणि देवाचे आभार मानले, सुटलो म्हणून.

बाहेर आलो तर कोहळं बायकोच्या कडेवर.

“कोण होतं हो तिकडून? चढवूनच राह्यलं होतं. मले वाटलं कोणी पाहुणा हाय, आपलं कोहळं नेते.”

मी होतो, असं सांगितलं. तिने कोहळं खाली ठेवलं. मुलगी पायरीवर बसून हसली, मग हसू आवरून म्हणाली, “बाबा, माह्या खोलीचं काय?”

पाळकसाहेबांना कळलं तेव्हा त्यांनी हसत तीनशेच द्या म्हटलं. मलाही ते पटत होतं. बायकोला नाही.

“वेदीसमोर बोललो आपण. भाजीबाजारात नाही.”

घरी जाऊन सगळी पाकिटं गादीवर मांडली. मी तीनदा बेरीज केली, रक्कम तीच आली. हॉस्टेलच्या पाकिटाकडे माझी नजर जायची, ती ते उचलून मुलीच्या हातात द्यायची. शेवटी तिने डब्यातून अंड्यांच्या विक्रीचे चारशे काढले. पेट्रोलच्या पाकिटात बरोबर साडेतीनशे निघाले. महिनाभर कापसाच्या जिनिंगवर कामाला सायकलने जायचं ठरलं. मधेच गुडघा दुखला तर काय, हे कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी मंडळीच्या खजिनदारांना एक हजार पन्नास दिले, पावती घेतली. सोमवारी जालन्याला हॉस्टेलच्या खिडकीवर सहा हजार.