काठोकाठ चहा

अमेरिकेत एडिसनमध्ये आमचं अर्धं आयुष्य गेलं, पण व्याही तैवानचे मिळतील असं काही पत्रिकेत नव्हतं. मुलीनं ठरवलं आणि एका रविवारी आम्ही मुलाच्या घरी चहाला गेलो. हे लग्न नीट जमावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मुलाचे वडील स्वतः चहा करत होते. ऊलाँग. म्हणजे हिरवाही नाही आणि काळाही नाही. मेल्या चहानं काहीतरी एक ठरवावं की नाही? पहिला उंच डोंगरावरचा होता. पानांच्या मिरीएवढ्या गोळ्या, गरम पाणी पडलं की अख्खं पान उलगडायचं आणि फुलांचा वास यायचा. दुसरा काळपट, कोळशावर भाजलेला. पहिलं पाणी त्यांनी सरळ ओतून दिलं, मग त्याच पत्तीवर पुन्हा पुन्हा पाणी. आमच्याकडे चोथा पाहुण्यांच्या नजरेस पडू देत नाहीत.

कप भातुकलीतले, तेही अपुरे भरलेले. माझा नवरा 'टाकू नये' या संस्कारातला. तो कप संपवायचा, ते लगेच ओतायचे. दोघंही सभ्य, त्यामुळे थांबणार कोण? परतताना गाडीत मी म्हणाले, "माणसं चांगली आहेत, पण हात आखडता आहे."

म्हणून ते आमच्याकडे आले तेव्हा मी दाखवूनच दिलं. आलं, वेलदोडा, घट्ट दूध आणि कप काठोकाठ, बशीत सांडेपर्यंत. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, जीभ भाजत चहा संपवला आणि उठले. कोथिंबीरवड्यांना हातही लावला नाही. मी दारात हसून निरोप दिला आणि आत येऊन भांडी आदळली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "आई, त्यांच्यात कप फुल भरला म्हणजे प्या आणि निघा. दे थिंक तुला तो जावई म्हणून नकोय."

"अगं, मी तर मान केला त्यांचा."

पलीकडे ती रडत होती. ती सहसा रडत नाही. मी पार घाबरले.

त्यांना पुन्हा बोलावलं. आले, पण मुलाच्या आईनं कोट काही काढला नाही. खुर्चीच्या कडेवर बसली. मी मन घट्ट करून अर्धे कप भरले. आमच्या घरात अर्धा कप फक्त आजाऱ्याला मिळतो. नवरा तर लाजेनं खिडकीबाहेर बघायला लागला.

तिनं कपात पाहिलं, मग माझ्याकडे. मुलीनं आमच्या घरची रीत तिकडेही सांगून ठेवली होती, हे मला ठाऊक नव्हतं. मुलाच्या आईनं कप माझ्यापुढे सरकवला.

"फुल, प्लीज."

मी ओतला. काठोकाठ. थोडा बशीतही सांडला. मग तिनं कोट काढून खुर्चीला अडकवला आणि विचारलं, लग्न कुठल्या महिन्यात करायचं.