हरभऱ्याच्या रानात मेंढरं

दिवाळी झाली की दुष्काळी माण तालुक्यातले धनगर मेंढरं घेऊन आमच्याकडं कृष्णाकाठाला उतरतात. ज्याचं रान मोकळं झालंय तो त्यांना बोलावतो. रात्री मेंढरं त्या रानात बसतात, लेंड्यांचं खत होतं, धनगराला धान्य मिळतं. खत झालं की कळप पुढच्या रानात, तिथून पुढच्या गावात. कराडच्या खाली आमच्या गावात हे माझ्या आज्याच्या आधीपासून चालत आलंय. रानाला हे चांगलं आहे, पण त्यात शाळा बसत नाही. आज इथं आणि पंधरवड्यानं तिथं असणाऱ्या पोराला कुठला मास्तर शिकवणार?

आमच्या रानात बसणाऱ्या धनगराला एक मुलगी. ती आठवीत असताना माझ्या बायकोनं तिला गावच्या हायस्कुलात नेलं. बायको स्वतः कधी शाळेत गेली नव्हती. हेडमास्तरांपुढं पदर सारखा करत म्हणाली, "हिला बसू द्या. मेंढरं कुठं जातील ते मी बघते."

पावसाळ्यात मुलगी माणात, आपल्या गावच्या शाळेत. दोन्हीकडच्या मास्तरांनी फोनवर जुळवून घेतलं. पण हिवाळ्यात मेंढरं आमच्या गावातच राहिली पाहिजेत, हे जुळवलं माझ्या बायकोनं. गिरणीत, दूध डेअरीवर, जिथं चार बायका दिसतील तिथं ही सुरू. "तुमच्या खालच्या पट्टीत बसवा की मेंढरं. आमचा ऊस बघा कसा काळाभोर आलाय." कुणाची पट्टी कधी मोकळी होणार हे त्या घरच्या माणसाआधी हिला ठाऊक. कळप या रानातून त्या रानात फिरत राहिला, पण गावाची शीव त्यानं सोडली नाही.

दिवे लागले, कोकरं कोंडून झाली की मुलगी आमच्या सोप्याला वाचायला यायची. बायको शेंगा फोडत बसायची. मुलगी मोठ्यानं वाचायची, कधी विज्ञान, कधी भूगोल.

"आजी, तुमाला कळतंय का?"

"मला कळून काय करायचंय? तुला कळतंय का न्हाई, ते तुझ्या आवाजावरनं कळतंय. मगाशी अडखळलीस बघ. ते परत वाच."

मी खाटेवरनं म्हणायचो, "अगं, मेंढरंबी ऐकत्यात. त्यांचीबी परीक्षा घे."

"तुमी चौथीतनं पळालेलं. गप पडा."

मुलगी दहावीत गेली त्या पौषात माझी बायको गेली. सकाळी चुलीपुढं बसली ती परत उठली नाही. लोक समजूत घालायला आले. मी कुणाचं ऐकलं नाही. ज्याची जाते त्याला कळतं, बाकीच्यांनी चहा पिऊन जावं.

मुलगी वाचायला यायची थांबली. तेरावं झालं आणि धनगर पायरीवर येऊन बसला. मुलगी मागं उभी होती.

"आबा, आता निघतो."

"कुठं रं?"

"सांगलीकडं, नदीच्या कडंनं. हितं आता कोण बोलवंना झालंय. आजी व्हत्या तवा व्हतं."

"आणि पोरीची परीक्षा?"

वाटेवर परीक्षा कशी होणार, हे त्यालाही कळत होतं. एकदा परीक्षा हुकली की पोरगी कायमची मेंढरांमागं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"हिला तू माझ्याकडं ठेवणार न्हाईस," मीच म्हणालो. "ठेवू बी नको. घरात बाईमाणूस न्हाई. पण चार दिस थांब."

मी आयुष्यात कुणाकडं काही मागायला गेलो नव्हतो. अर्ध्या गावाशी माझं बांधावरनं वाकडं. तरी निघालो. पहिल्या घरात मला बघताच बायकांनी तोंडाला पदर लावून गळा काढला. रीतच आहे तशी.

"रडू नका," मी म्हणालो. "खालच्या पट्टीत मेंढरं बसवता का तेवढं सांगा."

रडणं जागच्या जागी थांबलं. घरची थोरली सून म्हणाली, "आवं आबा, तिथं नवा ऊस लावलाय की!"

दुसऱ्याचा गहू उभा होता. तिसऱ्याच्या तुटलेल्या उसाला पुन्हा कोंब आलेले. बायकोला हे सगळं आधी ठाऊक असायचं, मी मात्र दारोदार विचारत हिंडत होतो. शेवटी ज्याच्याशी माझं सगळ्यात जास्त वैर, तोच दारात उभा राहून म्हणाला, "आठवडाभर बसवतो. पण तुझ्यासाठनं न्हाई, वयनीसाठी."

"माझ्यासाठनं कोण मागतंय?" मी म्हणालो. मग त्यानं चहा टाकायला सांगितला आणि मी प्यालो.

तो आठवडा संपला. पेपर तर अजून सुरूही झाले नव्हते. आता गावात एकच जागा उरली होती, माझी नदीकडची पट्टी. तिथं हरभरा उभा होता. तो बायकोनं पेरलेला. तिच्या हातचं शेवटचं पेरणं. मी रोज सकाळी बांधावर जाऊन उभा राहायचो. घाटे भरले होते, वाळायचे बाकी होते. हे बी जपायचं, दरसाल ह्याचंच पेरायचं, असं मी मनाशी धरलं होतं. हिरव्या हरभऱ्याचं बी होत नाही.

फौजेतल्या माझ्या पोराला फोनवर सांगितलं. तो ओरडलाच. "आबा, डोकं फिरलंय का? आईच्या हातचं हाय ते!"

"म्हणूनच उपटतोय," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनगर, त्याची बायको आणि मी हरभरा उपटायला लागलो. मुलगीपण वाकली.

"तू हात लावायचा न्हाई," मी म्हणालो. "बांधावर बस आणि वाच."

ती बसली. पुस्तक उघडून नुसतीच बघत राहिली.

"मोठ्यानं वाच. आमाला ऐकू येऊ दे."

तिनं सुरू केलं. आवाज बसलेला होता. आम्ही उपटत होतो, घाटे हाताला लागत होते. कशाचं वाचत होती कोण जाणे, मध्येच कुठंतरी तिची जीभ अडली.

"अडखळलीस," मी म्हणालो. "परत वाच."

ती थांबली. पुस्तकावर डोकं ठेवून लय रडली. तिची आई उठायला लागली, तिला मी हातानं बसवलं. मीही खाली बघत मुळाची माती झाडत राहिलो. माती केव्हाच झडली होती. मग बांधावरनं परत आवाज आला. तीच ओळ, पहिल्यापासून, न अडखळता.

तुकड्या-तुकड्यानं आम्ही ती पट्टी मोकळी करत गेलो, मागनं मेंढरं सरकत आली. घाट्यांनी भरलेले डहाळे शाळेच्या पोरांनी खाल्ले, राहिलेला पाला मेंढरांनी. मुलीनं सगळे पेपर दिले. शेवटच्या पेपरानंतर घोड्यावर बिऱ्हाड लादून ती माणसं गेली. मी शिवेपर्यंत पोचवायला गेलो.

मुलगी आता सांगलीत मुलींच्या वसतिगृहात राहून शिकते. सोडायला तिचा बापच गेला, ठेवणीतला पटका बांधून. तिथं बायामाणसं हायत, असं मला दोनदा सांगून गेला.

दिवे लागले की तिचा फोन येतो. मी शेंगा घेऊन बसतो.

"आबा, हरभरा कसाय?"

यंदा त्या पट्टीत विकतचं बी टोकलंय. महिनाभर मेंढरं एकाच रानात बसलेली, खत अती झालं. झाडं गुडघ्याच्या वर माजलीत, घाटे मात्र शोधायला लागतात.

"नुसता पाला," मी सांगितलं.

ती फोनवर हसायला लागली. हसणं थांबेना.

"हसू नको," मी म्हणालो. "वाच."