तुटलेलं डाउनलोड पुढे नेणारा जना

जव्हार-मोखाड्यातून शिकून बाहेर पडलेल्या मित्रांनो, परक्या गावात आपल्याला एकच प्रश्न विचारतात.
"तिकडे कुपोषणाशिवाय आहे काय?"

या प्रश्नाचं उत्तर मला व्हायचं होतं.
झाला जना.

आज त्याचा बारावा.
माझा हेवा मात्र अजून जिवंत आहे, त्यामुळे गोडगोड लिहिणार नाही.

जना आश्रमशाळेत विज्ञान शिकवायचा. मोखाड्यात भाड्याच्या खोलीत त्याचा जुना कॉम्प्युटर आणि फोनची लाईन. गोष्ट नव्वदीच्या शेवटाची.

आपण वेबसाइट उघडतो तेव्हा पलीकडून पान पाठवणारं एक सॉफ्टवेअर असतं, वेब सर्व्हर. असाच एक छोटा सर्व्हर देशोदेशीची माणसं मिळून बनवत होती. कोड सगळ्यांना उघडा. वाचा, बदला, वाटा.

ज्ञानाला कुंपण घालणारा चोर असतो, हे मी आयुष्यभर सभांत माईकवरून ओरडलो.
जना गुपचूप तिथे जाऊन बसला, जिथे कुंपणच नव्हतं.

सूर्यमाळच्या डोंगराकडून वारा सुटला की आमची लाईन मरायची. अर्धी उतरलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून.
जिथे तुटलं तिथूनच पुढे पाठवायचं, ही सोय त्या सर्व्हरमध्ये नव्हती. ती जनाने लिहिली. नंतर वर्षानुवर्षं सांभाळली.
बाकीच्यांना ती सुचली नाही. त्यांची लाईन तुटत नव्हती.

एकदा खोडाळ्याच्या बाजारात माझं भाषण झालं. टाळ्याच टाळ्या. परतताना जीपमध्ये मी विचारलं,
"कसं झालं?"
"मधे लाईट गेली, माईक बंद पडला ना? तेवढं बरं झालं."
"तू नुसत्या चुका काढ."
"तुझ्या चुका कोण काढणार, भाऊ? तुला टाळ्या मिळतात. मला ब्राझीलचा एक जण रोज शिव्या घालतो."

अंगावर दागिना मिरवावा तसं बोलला.
मला ते फार लागलं.

कारण तो ब्राझीलवाला शिव्या घालून थांबायचा नाही. जनाच्या कोडमध्ये हात घालायचा, जना त्याच्या. दोघांचं काम सुधारायचं.
माझ्या भाषणात कधी कोणी हात घातला नाही. संपलं की लोक जीप पकडायला पळायचे.

सुमनवहिनी म्हणायच्या, "यांची बायको एक इथं, सवती जगभर."

आज जेवणं आटोपल्यावर वहिनींनीच मला त्या कॉम्प्युटरसमोर बसवलं.
"भाऊजी, इंग्रजी तुम्हाला येतं. वाचा."

मेल त्याच ब्राझीलवाल्याची. जनाच्या मुलीने त्याला कळवलं होतं. लिहिलंय, फार रडलो. पुढे लिहिलंय, नवं व्हर्जन निघतंय. जनाचा भाग सांभाळायला माणूस नाही मिळाला तर तो काढावा लागेल. तुमच्याकडचं कोणी आहे का?

"काढणार म्हणजे?"
"म्हणजे पुढच्या व्हर्जनमध्ये जनाचं काम नसेल, वहिनी."

त्यांनी पदराने पडद्यावरची धूळ पुसली.
"तुम्ही एवढं बोलता गावोगाव. कोणाला तरी सांगा की."

म्हणून सांगतोय.

आपल्या पाड्यावर ऐन आवणीत, भातलावणीच्या घाईत, कोणाच्या घरी सुतक आलं तर काय करतात? अख्खा पाडा आधी त्याच्या खाचरात उतरतो. त्याची रोपं लावून होतात, मग आपापली. बोलावणं कोणी धाडत नाही.

जनाची आवणी राहिलीय.

मला कोड येत नाही. येत असता तर ही पोस्ट लिहीत बसलो नसतो, कोणाला कळूही दिलं नसतं.
जो कोणी पुढे येईल, त्याचाही मी हेवा करीन. खुशाल येऊ दे.

जना, जा सुखाने. शेवटचा रामराम.

ठाण्यात, नाशकात, पुण्यात सॉफ्टवेअरवर पोट भरणाऱ्या माझ्या तालुक्यांच्या मुलामुलींनो, त्या लोकांच्या मेलिंग लिस्टचा पत्ता खाली कॉमेंटमध्ये टाकलाय. तुमच्यातल्या एकाने आजच तिथे लिहा, की जनाचा भाग यापुढे मी सांभाळेन.