छावणीच्या फळीवरची सहावी ओळ

तक्रार करणारा: तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली बसणारा परवानाधारक अर्जनवीस. वय पंचेचाळिसाच्या पुढे. नाव मुद्दाम देत नाही. नाव वाचले की लोक मजकूर वाचत नाहीत, हा वीस वर्षांचा अनुभव आहे.

ठिकाण: पूरग्रस्तांची छावणी, लालबागेकडचा माळ, बुऱ्हाणपूर.

वेळ: भाद्रपदातला तापीचा पूर ओसरल्यानंतरचा दुसरा मंगळवार. भाकरी वाटण्याची वेळ.

साक्षीदार: माझी पत्नी. माझ्या रांगेत राहणारी विधवा भागाबाई. पाणी ओढणारा नथू; तो खरे बोलेल की नाही, सांगता येत नाही.

ज्यांच्याविरुद्ध: छावणीचे दारोगा, भाकरी वाटणारे शहरातील सभ्य गृहस्थ, आणि काही अंशी मी स्वतः.

हकीकत अशी.

मी रांगेत उभा होतो. उजव्या हातात साबणाचा तुकडा होता. तुकडा कोरडा होता, हातही कोरडे होते. टोपलीमागे बसलेल्या गृहस्थांनी भाकरी उचलली, माझ्या हातांकडे पाहिले आणि भाकरी परत टोपलीत ठेवली.

"हाथ सूखे हैं."

"पानी नहीं मिला, साहब."

"पीछे बोर्ड लगा है, मुन्शीजी. जरा जोर से पढ़ो. सबको सुनाओ."

मी मागे वळलो. वाचले. मोठ्याने वाचले. "साबण लावून हात धुतल्याखेरीज कोणासही भाकरी मिळणार नाही. हुकमावरून." फळी हिंदीत होती, येथे मराठीत देतो.

रांगेतून कोणी तरी म्हणाले, "लिहिणाराच उपाशी." लोक हसले.

कारण ती फळी मी लिहिली होती. अक्षर माझे होते.

मग त्या गृहस्थांनी डाळीच्या पळीचा दांडा माझ्या मनगटाखाली घातला आणि माझा हात उताणा केला. बोटांना शाई होती. वीस वर्षांची शाई आहे, ती जात नाही. त्यांनी माझा तळवा दांड्यावर तोलून सर्वांना दाखवला. "देखो. ऐसे हाथ से हैजा फैलता है."

मी हात मागे घेतला नाही. हे येथे कबूल करतो. दांडा निघेपर्यंत हात तसाच धरून ठेवला.

मजकूर इथवर वाचला असेल तर आता सांगण्यास हरकत नाही. मी महार आहे. वडील पलटणीत होते, म्हणून मला चौथ्या इयत्तेपर्यंत शाळा मिळाली. पुढचे शिक्षण अर्जांनी दिले. वहिवाटीचे, वारसाचे, बैलचोरीचे, सासूच्या जाचाचे असे सर्व प्रकारचे अर्ज मी लिहितो. पक्षकार समोर उकिडवा बसतो, मी कागद लिहून जमिनीवर ठेवतो, मी हात काढला की तो उचलतो. तोच कागद पुढे साहेबांच्या मेजावर जातो. कागदाला विटाळ लागत नाही, असे या गावात कधीचेच ठरून गेले आहे. मीही कधी विचारले नाही. माझ्या अक्षराचे सर्व जण नाव घेत. मला तेवढे पुरे होते.

राजघाटाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती होती. ती तापीने नेली. वरच्या आळ्यांची घरेही नेली. नदीने भेद केला नाही. सर्वांना या माळावर तट्ट्यांची खोपटी मिळाली. आमची रांग शेवटची. पुरात मेलेली जनावरे काठाला सडत होती. आठ दिवसांत पटकी, म्हणजे तोच हैजा, सुरू झाली. आमच्या रांगेतला म्हातारा भिका सकाळी बरा होता, दुपारी डोळे खोल गेले, दिवस मावळायच्या आत संपला.

तेव्हा सरकारी डॉक्टर आले. वयाने तरुण, परगावचे. ते बैलगाडीवर उभे राहिले आणि बादलीत हात धुऊन दाखवले. बोटांच्या बेचक्यात. नखांखाली. अंगठ्याच्या मागे. मनगटापर्यंत. म्हणाले, हा रोग हाताने तोंडात जातो. देवीच्या कोपाने नाही, हाताने. नदीचे पाणी वापरू नका. शौचाहून आल्यावर आणि भाकरीला हात लावण्याआधी साबण लावा. त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते आणि आजही मी त्याच्या बाजूचा आहे. पिवळ्या साबणाच्या वड्या तारेने कापून प्रत्येक खोपटाला तुकडा दिला गेला. आमच्या रांगेलाही दिला. वरून टाकला, पण दिला.

दारोगांनी मला बोलावले. "मुन्शीजी, आपका अक्षर अच्छा है." मला स्टुलावर उभे केले. डांबर लावलेल्या फळीवर मी चुन्याने पाच ओळी काढल्या. चौथी ओळ वर दिली आहे. स्टूल दिले ते फळी उंच होती म्हणून. मी समजलो, मान दिला. सायंकाळी घरी सांगितलेही, की सरकारी हुकूम माझ्या हातचा आहे.

पाणी कोठून यावे, हे फळीवर नव्हते.

माळावर जुन्या बादशाही कुंड्यांची ओळ आहे. जमिनीखालच्या बोगद्यातून डोंगराकडचे पाणी वाहत येते. कुंडी म्हणजे त्या वाहत्या पाण्यावर उघडलेले विहिरीचे तोंड. हेच पाणी पुढे शहरात जाते. म्हणून आम्ही कुंडीला हात लावायचा नाही. नथू पाणी ओढणार. सगळ्या छावणीला एक नथू. तो पहिल्या रांगेपासून सुरुवात करी. आमच्यापर्यंत येईतो भाकरीच्या टोपल्या रिकाम्या होऊन शहरात शनवारा भागातल्या भट्टीकडे परत गेलेल्या असत. खोपटात एक मडके, तेही दिवसातून एकदा भरणार. पिण्यालाच पुरत नसे.

रविवारी भागाबाईला भाकरीच्या रांगेतून परत पाठवले. ती माझ्याकडे आली.

"भाऊ, पियाले पाणी नाही अन् हात धू म्हनतेत. तू लिव्हलं ना ते?"

मी काय बोललो, तेही येथे नोंदवतो. मी म्हणालो, "बाई, नियम सर्वांना सारखा आहे."

"नियम असंल सारखा," ती म्हणाली. "कुंडी सारखी नाही."

मला राग आला. अडाणी बाई, असे मनात म्हणालो.

सोमवारी माझी मुलगी यमुना परत पाठवली गेली. ती बाळंतपणाला माहेरी आली होती. तेरा दिवसांचे मूल मांडीवर होते. मंगळवारी मी स्वतः गेलो, कारण मला वाटले, मला ओळखतात. मला ओळखले. पुढचे वर लिहिले आहे.

घरी आलो. पत्नीने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिले.

"अहो, तुमचं अक्षर लई सुंदर हाये," ती म्हणाली. "पोरीले दूध येईना."

एवढेच. मूल रडत होते. यमुनेने पदर तोंडावर घेतला होता.

मी डॉक्टरांकडे गेलो. लेखी अर्ज घेऊन गेलो. दुसरे मला काही येत नाही. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला. म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण साबण माझ्या हाती आहे, कुंडी माझ्या हाती नाही." दारोगांनी अर्ज न वाचता मांडीखाली ठेवला. म्हणाले, तुम्हा लोकांना हात धुण्याची सवयच नाही, पाण्याचे निमित्त सांगता.

त्या वाक्याने झोप गेली. सवय नाही. ज्याच्या हाती पाणी कधी लागू दिले नाही, त्याला सवय नाही. आणि हे सिद्ध करणारा कागद कोणता? माझीच फळी. उद्या पटकीने आमची सबंध रांग गेली तरी दोष कोणाचा, हे चुन्याने लिहून ठेवलेले आहे. माझ्या सुंदर अक्षरात. आम्ही मरायचे, आणि आमच्या मरणाचा जबाबही आमच्याच हाताने लिहून द्यायचा. वीस वर्षे मी हेच करीत आलो होतो काय? कितीकांचे अर्ज लिहिले, हात जोडून, पाय धरून, "मेहरबान हुजूर" म्हणून. एकदाही लिहिले नाही की हे चूक आहे.

बुधवारी भर दुपारी उरलेला चुना कालवला. स्टूल नव्हते. फळीच्या तळाशी हात पोचत होता. तेथे सहावी ओळ लिहिली: "हात धुण्याचे पाणी ज्याचे त्याने कुंडीतून स्वतः काढावे. हुकमावरून."

मग आमच्या खोपटांच्या रांगेत जाऊन वाचून दाखवली. भागाबाई पुढे आली.

"सरकारनं लिव्हलं का तू?"

"फळीवर आहे."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. दुसऱ्यांदा विचारले नाही. "मंग चाल," ती म्हणाली.

नथू जेवायला गेला होता. त्याचा दोर आणि बादली कुंडीच्या काठावर होती. मी दोर उचलला. आमच्या वस्तीने पिढ्यान्पिढ्या नदीच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरले आहे. वरून बादली सोडणे, खाली ती बुडाल्याचा आवाज ऐकणे, मग दोराला लागलेली ओढ हातात येणे, हे मला पंचेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हते. मी बादली वर ओढली. भीत भीत ओढली, खोटे कशाला लिहू.

आम्ही हात धुतले. बायका, म्हातारे, सर्व. डॉक्टरांनी दाखवले तसे. यमुनेने मूल आईकडे देऊन कोपरापर्यंत धुतले. भागाबाई देखरेख करीत होती. मला म्हणाली, "मुन्शी, अंगठा राहिला तुझा."

त्या दिवशी टोपलीमागच्या गृहस्थांना आमच्या हातांत काही सापडेना. हात ओले होते, साबणाचा वास येत होता. त्यांनी भाकरी वरून टाकल्या. पण टाकाव्या लागल्या. यमुना दोन भाकरी जेवली.

गुरुवारी सकाळी नथू ओरडत आला. कुंडी बाटली. मग माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "मुन्शी, माझी नोकरी जाईल रे." त्याच्यावर माझा राग नाही. मागून दारोगा आले, सभ्य गृहस्थ आले, पुढच्या रांगांतले लोक काठ्या घेऊन आले. ज्यांची घरे आमच्याच पुरात वाहून गेली, ते लोक.

दारोगांनी फळी पाहिली. "ये छठी लाइन किसकी है?"

"माझी."

ते मला बाजूला घेऊन गेले. आवाज मऊ केला. "देखो मुन्शीजी, सरकारी बोर्ड में अपनी तरफ से हुक्म लिखना जालसाजी है. परवाना जाएगा, जेल भी होगी. गीला कपड़ा लो, पोंछ दो. मैं भूल जाऊँगा, तुम भी भूल जाओ."

मी ओले फडके घेतले. फळीसमोर गेलो. माझी पत्नी पाहत होती. यमुना पाहत होती. खरे सांगतो, पुसण्यासाठीच गेलो होतो. परवाना म्हणजे माझी चूल.

मग ओळ वाचली. लिहिणाऱ्याने लिहिलेले पुन्हा वाचावे, हा धंद्याचा नियम आहे. तिच्यात खोटा शब्द एकच होता. "हुकमावरून." असा हुकूम कोणी दिलेला नव्हता. तेवढा शब्द मी पुसला. बाकी ओळ ठेवली. जेथे तो शब्द होता, तेथे माझे नाव लिहिले. पूर्ण नाव, बापाच्या नावासह.

"यह क्या किया?" दारोगा म्हणाले.

"दुरुस्ती," मी म्हणालो.

पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी पाठीवर. भागाबाई मध्ये पडली म्हणून तिसरी तिला लागली. फळी उतरवली. परवाना जप्त झाला. कुंडीवर पहारा बसला. शुक्रवारपासून आमच्या रांगेला पुन्हा नथूची वाट पाहण्यास सांगितले आहे. कालपासून रांगेत आणखी दोघांना उलट्या होत आहेत. त्यांचे हात कोरडे आहेत.

मी कचेरीला तीन अर्ज दिले. उत्तर नाही. म्हणून हा मजकूर मराठीत, माझ्या माणसांना वाचता यावा म्हणून लिहीत आहे. हा मी दुसऱ्या कोणाचा अर्ज लिहीत नाही. स्वतःचा लिहिण्यास परवाना लागत नाही.

सबब मागणी अशी. मेहरबानी मागत नाही, जबाब मागतो. ज्या हाताने कुंडीतून पाणी काढू नये, तो हात धुतलेला नाही म्हणून त्याची भाकरी कोणत्या कायद्याने रोखली, हे सांगावे. बाटली ती कुंडी, की साबण देऊन पाणी तोडणारी माणसे, हेही सांगावे. जालसाजीचा खटला चालवायचा असेल तर तो उघड कचेरीत चालवावा. मी हजर राहीन आणि सहावी ओळ तेथे तोंडी म्हणेन. उत्तर लेखी असावे, सहीनिशी असावे.

आमच्या बायकांनी जुन्या लुगड्यांचा दोर वळला आहे. उद्या भाकरीच्या वेळेआधी आमची सबंध रांग साबण घेऊन कुंडीवर जाईल. पहारेकऱ्यांना हे आगाऊ कळवण्यात येत आहे. उत्तर आले तरी जाईल, न आले तरी जाईल.