लांबून ऐकलेली गिटार

प्रदर्शनाची दारं उघडून तासही झाला नव्हता, आणि तेवढ्यात माझ्या बायकोने चार माणसांना तिने स्वतः बनवलेल्या गिटारपासून दूर घालवलं होतं. हाकललं नाही, भांडली नाही. अगदी हसून, गोड बोलून घालवलं. कोणी गिटारपाशी थांबून "ब्यूटिफुल" म्हटलं की ही लगेच पुढे व्हायची आणि सांगायची, "तसं काही विशेष नाही हो. इथे बघा, कडेच्या पट्टीचा सांधा नीट बसलेला नाही." समोरचा माणूस वाकून तो सांधा बघायचा, मान डोलवायचा आणि शेजारच्या गिटारकडे सरकायचा.

आमच्या घरी पाहुणा आमटीला छान म्हणाला की हिचं उत्तर ठरलेलं असतं, "छे, आज चिंच जरा जास्तच झाली." साडीचं कौतुक केलं तर ती साडी जुनी असते आणि पडदे आवडले तर ते सेलमधले असतात. यात खोटेपणा नाही, आमच्याकडचं वळणच तसं आहे. पण हा दोघांनी खेळायचा खेळ आहे. एकाने चिंच जास्त झाली म्हणायचं आणि दुसऱ्याने "काहीतरीच काय, वाढा अजून" म्हणत वाटी पुढे करायची. सिंगापूरच्या वाद्यांच्या प्रदर्शनात हा दुसरा भिडू आणायचा कुठून? इथल्या माणसाला चिंच जास्त झाली असं सांगितलं, तर तो बिचारा आमटी बाजूलाच ठेवणार.

बायको एरवी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत अकाउंटंट आहे. आठवडाभर स्क्रीनकडे बघून डोळे शिणले की लोक ईस्ट कोस्टला समुद्रकाठी सायकल चालवायला जातात, ही आमच्या बॉम्ब शेल्टरमध्ये जाते. इथल्या सरकारी इमारतींमधल्या बऱ्याच फ्लॅटांत जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक छोटी खोली असते. युद्ध झालं तर लपायला. युद्ध काही होत नाही, म्हणून सगळे तिथे बॅगा, जुने पंखे आणि लोणच्याच्या बरण्या ठेवतात. आमच्याकडे गणपतीचं मखरही तिथेच होतं. ते आता माझ्या कपड्यांच्या कपाटावर आलं आहे, कारण शेल्टरमध्ये गिटारी तयार होतात.

इथल्या हवेत पापड दोन दिवसांत मऊ पडतात, तिथे गिटारच्या पातळ फळीचं काय होणार! त्यामुळे त्या खोलीत हवा कोरडी करणारं यंत्र सदैव घुरघुरत असतं आणि त्याचं पाणी ओतून टाकणं हे माझं काम आहे. या कलेत माझा सहभाग एवढाच. फळ्या वाकवणं, आतल्या पट्ट्या तासून बारीक करणं, चिकटवणं, घासणं, पुन्हा घासणं हे सगळं ती एका हौशी मंडळात शिकली आणि मग आपली आपणच करत गेली. पहिल्या गिटारची मान वाकली. दुसरी आमच्या मुलीने वाजवून बघते म्हणून स्वतःच्या खोलीत नेली आणि परत दिली नाही. ही तिसरी. पुढची फळी फिकट स्प्रूस लाकडाची, मागची आणि बाजूची काळपट शिसवी. शिसवी म्हणजे पलंग नाहीतर देव्हारा, एवढंच मला लहानपणापासून माहीत. त्यातून असा आवाज निघतो हे मला बायकोने दाखवलं.

मंडळाला प्रदर्शनात कोपऱ्यातलं एक टेबल मिळालं होतं. मोठमोठ्या कंपन्यांच्या झगमगाटात सहा जणांच्या सहा गिटारी. आणि एक गोष्ट अशी होती की तिच्यामुळे बायको आदल्या आठवड्यापासून धड जेवत नव्हती. दुपारी छोट्या स्टेजवर इथलाच एक नावाजलेला गिटारवादक वाजवणार होता, आणि मंडळाच्या टेबलावरची एक गिटार तो स्वतः निवडून वाजवेल असं त्याने मंडळाला कबूल केलं होतं.

"बक्षीस वगैरे नाहीये ना त्याला?" मी विचारलं होतं.

"नाही रे. पण मला तिचा आवाज लांबून ऐकायचाय," ती म्हणाली होती. "मी वाजवते तेव्हा मी तिच्या मागे असते. तू वाजवत नाहीस. मुलगी वाजवते तेव्हा आपण तिच्यापासून सोफ्याएवढ्या अंतरावर. आपल्या फ्लॅटमध्ये आवाजाला जायला जागा तरी आहे का? मोठ्या हॉलमध्ये, पार शेवटच्या भिंतीपर्यंत ती पोचते की नाही, ते मला कळलंच नाहीये."

एवढीच तिची इच्छा होती. आणि त्यासाठी जे करायचं, त्याच्या नेमकं उलटं ती सकाळपासून करत होती.

थोड्या वेळाने टेबलाशी दोन अस्सल शौकीन आले. एक निवृत्त चिनी अंकल, पांढरे केस, पायात चपला. दुसरी चर्चमध्ये गिटार वाजवणारी फिलिपिनो बाई. दोघांची ओळख तिथेच झाली असावी, पण शाळेपासून एका बाकावर बसल्यासारखे वाद घालत होते. बाईंचं म्हणणं, पुढची फळी सीडरची हवी, तिचा आवाज पहिल्या दिवसापासून गोड. अंकलचं म्हणणं, सीडर लगेच गोड लागतो पण स्प्रूस हळूहळू उघडतो, वाजवत राहिलं तर दर वर्षी चांगला होतो. मग अंकलनी हिची गिटार उचलली. बोटाच्या पेराने फळीवर टकटक केलं, कान लावला, आणि मग चक्क गिटारच्या गोल भोकाला नाक लावून वास घेतला. आपण हापूस देठापाशी हुंगून बघतो, तसाच. मला हा माणूस एकदम जवळचा वाटला.

"फार हलकी आहे. आतलं काम कोणी केलं?" अंकल म्हणाले.

"मीच," बायको म्हणाली. पुढचं मला पाठ होतं. "पण आत डाव्या बाजूला गोंदाचा एक ओघळ राहिलाय. आणि मान जिथे अंगाला जोडलीय तिथे पॉलिश पातळ आहे. आणि हा सांधा."

अंकलनी खिशातून छोटा टॉर्च काढला आणि एकेक दोष शोधायला लागले. सापडायला वेळ लागला. फिलिपिनो बाईंना तर ओघळ दिसलाच नाही. पण तोवर मागे थांबलेले दोन तरुण "ओह, डिफेक्ट आहे" असं पुटपुटत निघून गेले होते.

माझं डोकं तडकलं. मी तिला बाजूला घेऊन मराठीत सुनावलं, "अगं, तू गिटार दाखवायला आलीयेस की तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला?"

"मग काय, खोटं सांगू?"

"गप्प तरी बस!"

"कोणी तोंडावर कौतुक केलं की मला नाही गप्प बसता येत. तुला माहितीये."

"तू जा. कॉफी पिऊन ये. टेबल मी सांभाळतो."

ती गेली. मी तिच्या खुर्चीत ऐटीत बसलो. आणि अर्थातच, ती गेल्यावर काही मिनिटांतच तो वादक आला. करड्या केसांची शेंडी, शांत चेहरा. त्याने एकेक गिटार उचलून दोन-चार सूर छेडले. हिची घेतली, आणि ती जरा जास्त वेळ त्याच्या हातात राहिली. मग माझ्याकडे बघून त्याने सहज विचारलं, "कशी आहे ही? तुम्हाला आवडते?"

आता मी पुण्याचा. शाळेत पहिला आलो तेव्हा माझे वडील "ठीक आहे" म्हणाले होते आणि पुन्हा पेपर वाचायला लागले होते. आमच्या घरात "वाईट नाही" हा सर्वोच्च पुरस्कार होता आणि तो फार क्वचित दिला जायचा. माझ्या तोंडून तोच बाहेर पडला.

"नॉट बॅड," मी म्हणालो, आणि वर इथल्या बोलीतलं शेपूट जोडलं, "ओके लाह."

त्याने "आय सी" म्हटलं, गिटार हळूच स्टँडवर ठेवली, शेजारची सीडरची उचलली आणि ती घेऊन स्टेजकडे निघून गेला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. अंकल हे सगळं बघत होते. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांचंच काहीतरी पाडून फोडलंय.

"तुमचीच बायको ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"भांडण झालंय?"

नाही हो, हे आमचं प्रेम आहे, असं सांगावंसं वाटलं. पण तेवढ्यात बायको कॉफीचे दोन कप घेऊन परत आली. रिकामं स्टँड सीडरच्या गिटारचं होतं, हिची गिटार जागेवर होती. तिला सगळं कळलं. मी काय बोललो तेही मी सांगून टाकलं. वाटलं होतं, भडकेल. मी तयारीत होतो.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तसाही सांधा उघडाच होता." आणि टेबलाखालून गिटारची पेटी ओढून तिने कुलपाचे खटके उघडले.

ती भडकली असती तर मी परत भडकलो असतो आणि आम्ही नेहमीप्रमाणे घरी गेलो असतो. पण ते "जाऊ दे" मला सहन झालं नाही. कितीतरी रविवार मी त्या लोखंडी दारापलीकडून कानशीचा आवाज ऐकला आहे. भुशाने माखलेल्या भुवया घेऊन ही जेवायला यायची, आणि फळी अजून केसभर जाड आहे म्हणत अर्ध्या ताटावरून उठून जायची. आपल्या बायकोचा आपल्याला एवढा अभिमान आहे, आणि तो तिला, जगाला, कुणालाच कधी ऐकू गेलेला नाही, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं.

मी स्टेजकडे चालत गेलो. वादक तारा जुळवत होता. मी म्हणालो, "माफ करा. मघाशी तुम्ही मला एक प्रश्न विचारलात, त्याचं मी चुकीचं उत्तर दिलं."

तो थांबला.

"ती गिटार नॉट बॅड नाहीये. उत्तम आहे. माझ्या बायकोने ती घरात, बॉम्ब शेल्टरमध्ये केली आहे. मला वाद्यातलं कळत नाही, पण कामातलं कळतं, आणि इतकं मन लावून केलेलं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. आम्ही ज्या गावचे आहोत तिथे स्वतःच्या माणसाचं कौतुक करत नाहीत. मी आज पहिल्यांदाच करतोय, त्यामुळे जमत नसेल, तर तेवढं समजून घ्या."

माझे कान तापले होते. तो माझ्याकडे बघून हसला आणि सीडरची गिटार हातात घेऊनच माझ्याबरोबर टेबलापाशी आला. अंकलनी त्याला बघताच पेटीचं झाकण अडवून धरलं, हिला ते बंदच करू देईनात. वादकाने पेटीतून गिटार काढली, या वेळी खुर्ची ओढून बसला आणि मान खाली घालून बराच वेळ वाजवत राहिला. मग त्याने बायकोला विचारलं, "वाजवण्याआधी मला काही माहीत असायला हवं का?"

तिचं तोंड उघडलं. सांधा, ओघळ, पॉलिश, सगळं तिच्या ओठांवर रांगेत उभं होतं, मला दिसत होतं. अंकलनी डोळे मिटून घेतले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात हात जोडले.

"नाही," ती म्हणाली. "वाजवा."

मग ती कुणाशी काही न बोलता हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला निघाली. ड्रमवाल्यांचे स्टॉल, पियानोंची रांग, सगळं ओलांडून शेवटच्या भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. मी तिच्यामागे. तिथून वादक बोटाएवढा दिसत होता. हॉलमध्ये गोंगाट होता, आणि मला वाटलं, इथवर काय येणार!

ते आलं. आधी खर्जाची जाड तार आली, मग वरच्या सुरांच्या, एकेक वेगळी, स्वच्छ. स्टॉलवर ड्रम बडवणारा एक जण थांबला. मग दुसरा थांबला. बायकोने पर्स पोटाशी घट्ट धरली होती आणि ती श्वास घेतेय की नाही ते कळत नव्हतं. आमच्या फ्लॅटमधून निघालेला तो आवाज लोकांच्या डोक्यांवरून येऊन आमच्या मागच्या भिंतीला लागत होता. माझा ऊर भरून आला आणि मी ते लपवलं नाही.

वाजवून झाल्यावर वादकाने माइकवर सांगितलं की ही गिटार इथेच, सिंगापूरमध्ये तयार झाली आहे, आणि जिने केली ती बाई तिकडे मागे उभी आहे. शंभर डोकी वळली. एरवी ती माझ्या मागे सरकली असती. तिने हात वर केला.

अंकल धापा टाकत तिथवर आले होते. "व्हेरी गुड, आह," ते म्हणाले. "रियली व्हेरी गुड."

"थँक यू," ती म्हणाली.

स्टेजवर दुसरी सुरावट सुरू झाली. मी तिच्याकडे वाकून हळूच विचारलं, "कशी वाटली?"

"छान वाजते," ती म्हणाली.

पुढे 'पण' येणार, म्हणून मी वाट बघत राहिलो. सुरावट संपली, टाळ्या झाल्या, आम्ही पेटी उचलून एमआरटी मेट्रोच्या फलाटावर येऊन उभे राहिलो. तो 'पण' काही आला नाही.