टाचणीताईनं दाबलेला निरोप

आमच्या आत्याला नाटकवाले टाचणीताई म्हणत. प्रयोग चालू असेपर्यंत तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे ती बोलायची कमी, आणि बोललीच तर ओठ न हलवता. ती सवय घरीही सुटली नाही. जेवायला बसली की माझे वडील हमखास म्हणायचे, "ताई, टाचण्या काढल्यास ना? नाहीतर घासाबरोबर जातील पोटात." ती हसायची, तेही तोंड मिटूनच.

ती बाईंचा कपडेपट सांभाळायची. बाई म्हणजे त्याच, ज्यांचं पोस्टर नाक्यावर लागलं की सायकलवाले मान वळवून बघायचे आणि एकमेकांवर आदळायचे. त्यांनी आधी रंगभूमी गाजवली, मग सिनेमा गाजवला, आणि तिथून कंटाळून पुन्हा रंगभूमीवर आल्या. लोकांना बाईंचा चेहरा पाठ होता, आत्याला त्यांची पाठ. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या नाटकात एका प्रवेशातली मोलकरीण पुढच्याच प्रवेशात राणी होऊन येते, आणि मधे वेळ म्हणाल तर दिवे विझून पुन्हा लागेपर्यंतचा. तेवढ्यात विंगेतल्या अंधारात आत्या मोलकरणीचे कपडे उतरवायची, राणीचा जड झगा चढवायची आणि पाठीवरचे हूक नुसत्या बोटांनी चाचपत लावायची. शेवटचा हूक लागला की पाठीवर एक थाप. थाप पडली की बाई रंगमंचावर निघायच्या. थाप पडल्याशिवाय त्या कधी निघाल्या नाहीत.

माझं विचाराल तर मला बाई कधीच आवडल्या नाहीत. माझ्या आत्याला त्यांनी जन्मभर "ए" म्हणून हाक मारली आणि तिनं जन्मभर "आले बाई" म्हणून ओ दिली. माझं डोकं फिरायचं. मी बोलायला गेले की आत्या म्हणायची, "तुला काय कळतंय त्यातलं?" खरंच काही कळत नव्हतं, पण चिडायला कळावंच लागतं असं थोडंच आहे?

बाईंचा एक दंडक होता. तिसरी घंटा झाली की बाहेरचा कुठलाही निरोप त्यांच्या कानावर जाता कामा नये. कुणाचं लग्न ठरो नाहीतर कुणाचं घर जळो, निरोप आत्याकडे द्यायचा आणि तिनं तो पडदा पडल्यावरच बाईंना सांगायचा. दारवानापासून नाटक कंपनीच्या मालकापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून तर पुढे जे झालं त्यावर सगळ्यांचा झटकन विश्वास बसला.

झालं असं की बाईंचे यजमान आजारी पडले. इस्पितळ थिएटरच्या मागच्याच रस्त्यावर होतं. धोका टळला असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून बाईंनी ठरलेला प्रयोग रद्द केला नाही. उशाशी त्यांची एकुलती एक मुलगी बसली होती, नुकती शाळा संपलेली. इकडे प्रयोग ऐन रंगात आला आणि तिकडे पेशंटचं अचानक बिघडलं. मुलीनं वॉर्डबॉयला पळत पाठवलं: बाबा जाताहेत, तुला बोलावताहेत, आहेस तशी ये. बाई पोचल्या त्या पडदा पडल्यावर. तोवर सगळं आटोपलं होतं.

मुलगी खोलीच्या दारात उभी होती. "माझा निरोप नाही मिळाला तुला?" तिनं आईला विचारलं. बाईंनी फक्त मान वळवून मागे उभ्या असलेल्या आत्याकडे पाहिलं. आणि आत्या म्हणाली, "मीच दाबून ठेवला, बाळा. दंडकच होता तसा."

त्या मुलीच्या वेण्या आत्यानं घातल्या होत्या, आणि ती आत्याला मावशी म्हणायची. आईचा प्रयोग लांबला की ती कपड्यांच्या पेटाऱ्यावर आत्याची शाल पांघरून झोपायची. त्या दिवसानंतर ती आत्याशी एक अक्षर बोलली नाही. आत्या समोरून येताना दिसली तर रस्ता ओलांडून पलीकडे जायची. आईशी मात्र तिचं घट्ट जमलं. मायलेकी एकमेकींच्या आधारानं सावरल्या, आणि वर्तमानपत्रांनी आत्याला डोक्यावर घेतलं. निष्ठा असावी तर अशी, वगैरे वगैरे. ते छापून आलेलं पान आत्यानं कपाटातल्या फळीवर अंथरला, मजकूर खाली करून.

पुढे बाईंनी काम थांबवलं आणि आत्याही घरी बसली. गल्लीतल्या बायकांचे कपडे उसवून सैल करून देणं, शाळेचे गणवेश शिवणं, एवढं तिचं चालू होतं. अशात एक दिवस बाईंवर माहितीपट काढणारा दिग्दर्शक घरी आला. माणूस गोड होता, चपला बाहेर काढून आला आणि खुर्ची रिकामी असून जमिनीवर बसला.

"ताई, तो निरोपाचा प्रसंग म्हणजे आपल्या फिल्मचा कळस," तो म्हणाला. "त्याच थिएटरात, त्याच विंगेत तुम्ही बाईंना तोच झगा चढवायचा, आणि चढवता चढवता सांगायचं. बाई तयार आहेत. त्यांची मुलगीसुद्धा येणार आहे."

आत्याचा हात मशीनच्या चाकावर होता तो तिथेच राहिला. "ती येणार आहे?" एवढंच तिनं विचारलं.

तो गेल्यावर तिनं मशीनवर झाकण घातलं. मग म्हणाली, "मी सांगितला होता गं."

"काय?"

"निरोप. तेवढा एकदाच दंडक मोडला. दिवे विझले, बाई विंगेत आल्या, मी कानाशी तोंड नेलं. म्हटलं, साहेब जाताहेत, लेक बोलावतेय, चला, मी मालकांना सांगून पडदा पाडायला लावते."

"मग?"

"मग काय! 'हूक लाव' म्हणाल्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि तू लावलेस?"

"लावले. थापही दिली."

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या बाईनं आपलं पाप तुझ्या गळ्यात बांधलं, आणि तू ते दागिन्यासारखं मिरवलंस, असं काहीबाही बोलले. आता तरी खरं सांग, त्या मुलीला कळू दे, असंही म्हटलं. आत्या उसवलेले दोरे वेचत राहिली. "बघू," म्हणाली. तिचं "बघू" म्हणजे बहुतेक वेळा "नाही" असतं हे मला माहीत होतं, पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे, या आशेवर मी राहिले.

शूटिंगच्या आदल्या दिवशी बाईंचा फोन आला. आत्याला फोन कानाला लावला की ऐकू येत नाही, म्हणून ती तो समोर ठेवूनच बोलते. खोलीभर बाईंचा आवाज घुमला. "ए, उद्या नेहमीचंच सांग हं. उगाच नवीन काही नको."

"हो बाई."

"माझं आता काय राहिलंय? एक लेक तेवढी आहे."

"हो बाई," आत्या पुन्हा म्हणाली. फोन बंद झाल्यावर मी तिच्याकडे पाहत राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला थिएटरवर घेऊन गेले. तिथे हल्ली मंडपवाल्यांच्या खुर्च्या ठेवतात. रंगमंचावर वायरींचं जाळं पसरलं होतं आणि विंगेत दोन मोठे दिवे लावले होते. ज्या जागेत ती जन्मभर अंधारात चाचपत होती, तिथे लख्ख उजेड बघून आत्या बिचकली. "इथे भिंतीला पिवळा रंग आहे होय!" म्हणाली. बाई आधीच येऊन बसल्या होत्या. काठी होती, पण कणा अजून ताठ होता. त्यांनी "ए" म्हटलं आणि आत्या "आले बाई" म्हणत गेली.

मुलगी सगळ्यांत शेवटी आली. आता तिला मुलगी तरी कसं म्हणायचं, कानांपाशी केस पिकले होते. आईच्या गालाला हात लावून, औषध घेतलं का ते विचारून ती भिंतीला टेकून उभी राहिली. हातातली पर्स पोटाशी धरली होती. आत्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. आत्यानं मात्र तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. मी दोरखंडांच्या ढिगाशेजारी उभी राहिले, तिथून मला सगळ्यांचे चेहरे दिसत होते.

कॅमेरा सुरू झाला. बाई पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि आत्यानं झगा चढवला. तो जुना झगा बाईंना आता सैल होत होता. आत्यानं खालून हूक लावायला सुरुवात केली.

"ताई," दिग्दर्शकानं हळूच विचारलं, "त्या दिवशी तुम्ही इथेच उभ्या होतात. इस्पितळातून निरोप आला. मग?"

आत्याचे हात थांबले. कुणीतरी खोकलं आणि तोंडावर हात धरून गप्प झालं. सांग, सांग, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. भिंतीशी उभ्या असलेल्या मुलीनं पहिल्यांदाच वर पाहिलं. आणि बाईंचा चेहरा! त्या चेहऱ्यावर मी राग, लोभ, वेड, मरण सगळं पाहिलं होतं. खरी भीती त्या दिवशी पाहिली. मला सांगायला लाज वाटते, पण बरं वाटलं. होऊन जाऊ दे एकदाचं, असं वाटलं.

"आला होता निरोप," आत्या म्हणाली. टाचण्या नव्हत्या, तरी ओठ मिटलेलेच.

"मग?"

ती मुलीकडे बघत होती. कॅमेऱ्याकडे नाही, बाईंच्या पाठीकडे नाही, मुलीकडे.

"मी दाबून ठेवला," ती म्हणाली. "बाईंना काही ठाऊक नव्हतं."

मुलीनं मान फिरवली. दिग्दर्शक खूश झाला, कॅमेरावाल्याला त्यानं हातानंच 'चालू ठेव' असं सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. पन्नाशीत डोळ्यांत रागानं पाणी यावं, याचाही राग आला. आत्यानं उरलेले हूक लावले. मग तिनं बाईंच्या पाठीवर थाप दिली. आता बाईंनी रंगमंचावरच्या उजेडात चालत जायचं आणि प्रसंग संपायचा, असं ठरलं होतं.

बाई गेल्या नाहीत.

आत्याला वाटलं, त्यांना कळलं नसेल. तिनं पुन्हा थाप दिली. बाई हलल्या, पण पुढे नाही. काठी टेकत त्या मागे वळल्या.

"खोटं बोलतेय ही," त्या म्हणाल्या.

"बाई, जाऊ दे ना," आत्या घाईनं म्हणाली.

"तू गप्प बस. पुष्कळ बोललीस इतकी वर्षं." बाईंचा आवाज पार मागच्या रांगेपर्यंत जाणारा, तो त्यांनी लहान करून मुलीकडे वळवला. "हिनं सांगितलं होतं मला. इथेच, कानात. पडदा पाडते म्हणाली. मी म्हटलं, हूक लाव. बाहेर टाळ्या चालू होत्या गं. मला वाटलं, तो थांबेल. माझ्यासाठी सगळेच थांबायचे."

हे बोलताना बाईंचा डावा गाल अगदी बरोबर उजेडात होता. त्या खरं सांगत होत्या की तेही वठवत होत्या, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण काठीवरचा हात थरथरत होता, आणि त्यांनी तो दुसऱ्या हातानं झाकायचा प्रयत्न केला. नट माणूस थरथर दाखवतो, झाकत नाही. मला त्यांची कीव आली, आणि ती यावी याचं नवलही वाटलं.

दिग्दर्शक 'कट' म्हणायला विसरला होता. मुलगी भिंत सोडून पुढे आली. ती आईकडे जाईल, तिला काहीतरी बोलेल, असं आम्हां सगळ्यांनाच वाटलं. बाईंनी तर डोळे मिटून घेतले होते. पण ती त्यांना वळसा घालून आत्यासमोर येऊन उभी राहिली.

"का?" ती म्हणाली. "इतकी वर्षं? हिचं नाव राहावं म्हणून?"

"हिचं नाव गेलं खड्ड्यात!" आत्या म्हणाली. चांगली तोंड उघडून म्हणाली. बाईंनी डोळे उघडले.

"मग का, मावशी?"

"अगं, तुझा बाप गेला होता," आत्या म्हणाली. "दारात उभी होतीस एकटी, पायांत चपला नव्हत्या तुझ्या. त्याच दारात तुझी आईपण काढून घेऊ तुझ्याकडून? माझ्यावर रुसलीस तर तुझं काय जाणार होतं? मी काय, मावशी."

मी दोरखंडांवर बसून घेतलं. जन्मभर मी आत्याला बाईंची पायपुसणी समजत आले. बाईंच्या पायी तिनं स्वतःची माती करून घेतली, असं चारचौघांत म्हणत आले. आणि तिच्या लेखी त्या दारात बाई नव्हत्याच. तिथे फक्त ती पोर होती.

त्या पोरीचा चेहरा वेडावाकडा झाला. तिनं आत्याला मिठी मारली नाही, पायाही पडली नाही. पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत ती उभी राहिली, आणि मग बारीक आवाजात म्हणाली, "तू आता राहतेस कुठे, तेही मला माहीत नाही."

आत्यानं पत्ता सांगितला. कुठल्या दुकानापाशी वळायचं ते सांगितलं, जिना अंधारा आहे, कठडा धरून ये, असंही सांगितलं.